मागच्या चाकांचे ड्रम आम्ही उघडून का पाहतो

सर्व्हिसिंगच्या बिलात ‘मागचे ड्रम उघडून साफसफाई’ अशी ओळ दिसली की बरेच ग्राहक विचारतात, ब्रेक तर छान लागतोय, मग हे कशाला? म्हणून हे माहितीपत्रक.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतो. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बिडाचं खोलगट भांडं. त्याच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू असतात आणि त्यांच्यावर लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, चिकटवलेला असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑईलच्या दाबाने व्हील सिलेंडरमधले पिस्टन बाहेर सरकतात, शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. पाय काढला की स्प्रिंग त्यांना मागे ओढतात.

यातली खुबी अशी, की फिरता ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढत आणखी घट्ट दाबून घेतो. दाराखाली पाचर सारल्यावर दार ढकलावं तसतशी ती आवळत जाते, तसंच. म्हणून कमी जोरातही ब्रेक चांगला धरतो. हँडब्रेकची केबलही याच शूंना ओढते. मागे ड्रम आहे म्हणून गाडी कमी दर्जाची समजू नका.

पण ड्रम सगळं झाकून ठेवतो. उघडला की काजळीसारखी काळी भुकटी निघते. ती आम्ही हवा मारून उडवत नाही, ओल्या फडक्याने पुसतो. छातीत जायला नको. मग व्हील सिलेंडरच्या रबराची कड स्क्रू ड्रायव्हरने जराशी उचलून पाहतो. आत ओल दिसली तर ऑईल गळतंय. लायनर ऑईलने भिजला असेल तर शू बदलावेच लागतात. पेट्रोलने धुऊन भागत नाही. आणि बदलायचे ते दोन्ही चाकांचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

ड्रमची उष्णता लवकर बाहेर पडत नाही. पसरणी घाट पाय ब्रेकवर ठेवूनच उतरलात, तर ड्रम तापून फुगतो, शूला जास्त सरकावं लागतं आणि पेडल खाली जातं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्यातच उतरा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढलीत, तर पुढे हळू चालवत पेडल दोन-चार वेळा हलकेच दाबा, लायनर सुकेल. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. हँडब्रेक ओढून ठेवला तर गंजाने शू ड्रमला चिकटतात.

हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर यायला लागला, मागून खरखर आली किंवा ब्रेक ऑईलची पातळी उतरली, तर सर्व्हिसिंगची तारीख येईपर्यंत थांबू नका. काढलेले शू आम्ही गाडी नेईपर्यंत ठेवतो. ते आमच्याकडे मागा, लायनर किती उरला होता ते स्वतः पाहा.