पार्श्वभूमी : मुंबईच्या गल्लीतलं नवं मेक्सिकन

वांद्रे, खार, लोअर परळ, पवई या भागांत आता ज्यांना 'मॉडर्न मेक्सिकन' म्हणतात अशा छोट्या रेस्टॉरंटांचं मेन्यूकार्ड उघडलं की दोन गोष्टी बहुधा दिसतातच. टॉर्टिया, म्हणजे टाकोची पातळ पोळी, मक्याचा असतो, मैद्याचा नाही. आणि बीफच्या जागी बफ (म्हशीचं मांस), मटण, डुक्कर, कोंबडी, नाहीतर कच्चा फणस असतो. याचं सगळं श्रेय शेफमंडळींच्या चोखंदळपणाला द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं कायदा, कर आणि चुना यांचं.

शहराला मेक्सिकनची चव लागली ती टेक्सासच्या वाटेने. चौपाटी आणि मरीन ड्राइव्हच्या आसपासच्या शाकाहारी रेस्टॉरंटांनी नाचोज (मक्याचे कुरकुरीत तुकडे) आणि एन्चिलाडा (सारण भरून गुंडाळलेला टॉर्टिया) मेन्यूवर आणले, तेही सिझलरच्या शेजारी. राजमा वाटून 'रिफ्राइड बीन्स' व्हायचे, वर प्रोसेस्ड चीजचा थर, ढोबळी मिरची, आणि सालसाला टोमॅटो केचपची झाक. जैन पाहुण्यांसाठी कांदा-लसूण वगळलेला प्रकार पहिल्यापासूनच होता. गंमत म्हणजे नाचोज मुळातच सरहद्दीवरचा पदार्थ. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला मेक्सिकोच्या पिएद्रास नेग्रास गावात, पलीकडून आलेल्या अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी हाताशी होतं त्यातून तो जुळवला गेला. त्यामुळे चौपाटीवर त्याची आणखी मोडतोड झाली म्हणून कुणी नाक मुरडण्याचं कारण नाही. १ एप्रिल २००१ला आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठले आणि हालापेन्यो मिरच्यांच्या बरण्या, परदेशी चीज, तयार टॉर्टिया वाण्याकडेही दिसू लागले. २०१०मध्ये एका अमेरिकी साखळीने बंगळुरूत टाकोचं, म्हणजे सारण भरून दुमडलेल्या टॉर्टियाचं, देशातलं पहिलं दुकान उघडलं. मेन्यूत बटाट्याचा टाको होता, बीफ नव्हतंच.

मुंबईत मात्र बीफ होतं. महागड्या हॉटेलांत होतं आणि वांद्र्याच्या बारमध्येही. म्हणून २०१५च्या कायद्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं.

राज्यात १९७६च्या कायद्याने गाय आणि वासरं यांची कत्तल आधीच बंद होती. बैल आणि वळू मात्र, उपयोगाचे उरले नाहीत असं प्रमाणपत्र घेऊन, कापता येत. विधिमंडळाने १९९५मध्ये दुरुस्ती करून त्यांनाही बंदीत आणलं, पण राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते विधेयक तब्बल वीस वर्षं पडून राहिलं. २०१५च्या मार्चमध्ये ते अमलात आलं. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, आणि मांस नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा, मग जनावर परराज्यात किंवा परदेशात कापलेलं असलं तरी. म्हशीच्या कत्तलीवर या कायद्याने बंदी आणलेली नाही. मे २०१६मध्ये उच्च न्यायालयाने बैल-वळूंच्या कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचं मांस बाळगण्यावरची बंदी रद्द केली. माणसाने घरात काय खावं हा त्याच्या खासगीपणाचा भाग, असं त्यामागचं कारण. आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावं, हे कलमही गेलं. दोन्ही बाजूंची अपिलं मग सर्वोच्च न्यायालयात गेली.

कागदावर पाहिलं तर निकालानंतर आयात केलेलं बीफ पुन्हा टेबलावर यायला हरकत नव्हती. बहुतेक मालकांनी ते आणलं नाही. मांस गाईचं, बैलाचं की म्हशीचं हे डोळ्यांनी ठरत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. आणि अहवाल येईपर्यंत शनिवार-रविवारचा धंदा बुडालेला असतो. गल्लीतल्या रेस्टॉरंटाला ते परवडत नाही. कायद्याचा खरा मार देवनारच्या कत्तलखान्यातल्या व्यापाऱ्यांनी आणि म्हातारा बैल विकून नवी जोडी घेणाऱ्या शेतकऱ्यांनी खाल्ला. त्यापुढे टाकोचं रडगाणं हे चोचलेच म्हणायचे. तरी स्वयंपाकघरात झालेला बदल खरा होता.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, की बीफ हे अस्सल मेक्सिकन नव्हेच, तेव्हा काही बिघडलं नाही. हे चूक आहे. गुरं स्पॅनिश लोकांनी नेली हे खरं, पण डुकरं, शेळ्या-मेंढ्या आणि कोंबड्याही त्यांनीच नेल्या. आणि सोनोरासारख्या उत्तरेकडच्या राज्यांत निखाऱ्यावर भाजलेल्या बीफशिवाय जेवणाला जेवण म्हणत नाहीत. उलट बाजूने बिर्रियाचं, म्हणजे मसालेदार रश्शात शिजवलेल्या मांसाचं, पाहा. रश्शात बुडवून तव्यावर परतलेला, चीज ताणला जाणारा बिर्रिया टाको समाजमाध्यमांवरून जगभर गेला तो तिहुआनाकडचा बीफचा अवतार. बिर्रियाचं माहेर खालिस्को, आणि तिथे तो बोकडाचा. मुंबईत बीफ नाही म्हणून मटणाचा करावा लागला, आणि नाइलाजाने केलेला हा प्रकार मूळ पदार्थाच्या जास्त जवळ जाऊन बसला. उभ्या सळईवर भाजलेल्या डुकराच्या 'अल पास्तोर'लाही वांद्र्यात अडचण आली नाही. ख्रिस्ती वस्तीमुळे चांगल्या डुकराचं मांस विकणारी दुकानं तिथे पिढ्यान्पिढ्या आहेत.

आता मका. पोर्तुगीजांच्या काळात मका, मिरची, टोमॅटो, काजू, पेरू ही सगळी मंडळी अमेरिकेतून पश्चिम किनाऱ्याला लागली हे सर्वांना ठाऊक आहे. पण मक्यासोबत त्याची रीत आली नाही. मेक्सिकोत दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात. चुना दाण्याच्या वजनाच्या साधारण एक टक्का, आणि तोच, पानाला लावतो तो. सकाळी दाणा चिमटीत धरून चोळला की पिवळट साल सुटून येते. मग धुऊन दगडावर ओलंच वाटायचं. चुन्यामुळे दाण्यात अडकलेलं नायसिन अंगी लागतं. ही रीत सोडून नुसता मका घेतला त्या युरोपात गरिबांना पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या रोगाने, छळलं. आपल्याकडच्या मक्याच्या भाकरीला गरम पाण्याची उकड लागते आणि घडी घातली की ती दुभंगते. चुन्यात शिजलेल्या मक्याचा टॉर्टिया दुमडतो, कारण त्या पिठाला अंगचाच चिकटपणा येतो.

मुंबईत बरीच वर्षं हे काम आयात केलेल्या तयार पिठावर भागवलं गेलं. स्वतः मका शिजवून दळायचा म्हटलं तर दाणा कुठून आणायचा, ही पहिली अडचण. जालना, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, जळगाव इथे मका उदंड पिकतो, पण तो पिवळा संकरित, कोंबडीखाद्यासाठी आणि अलीकडे इथेनॉलसाठी. टॉर्टियाला पांढरा, पिठूळ दाणा बरा पडतो. त्यामुळे ज्या रेस्टॉरंटांनी दगडी जातं बसवलं, त्यांना आधी शेतकरी शोधावा लागला. माझ्या हिशेबी 'मॉडर्न' हे बिरूद अशांनाच शोभतं. चिनी मातीच्या थाळीत तीन ठिपके सालसा टाकणाऱ्यांना नाही. सुक्या मिरच्यांचंही तसंच. आंचो आणि ग्वाहियो दर वेळी मिळत नाहीत, मग ब्याडगी आणि संकेश्वरी मिसळून रंग आणि तिखट साधतात. धुरावून सुकवलेल्या चिपोत्ले मिरचीचा वास मात्र कशानेच साधत नाही. एक जिन्नस अजून फारसा कुणी धीटपणे आणलेला नाही. पावसाळ्यात मक्याच्या कणसावर काणी येते, काळीकरडी बुरशी. आपला शेतकरी ती रोग म्हणून फेकतो, मेक्सिकोत ती चढ्या भावाने विकत घेऊन खातात.

जागा लहान का झाल्या, याचं उत्तर करात आहे. १५ नोव्हेंबर २०१७पासून रेस्टॉरंटांचा जीएसटी पाच टक्के झाला, गिऱ्हाईक खूश झालं, पण मालकाला भरलेल्या कराची वजावट मिळणं बंद झालं. गाळ्याच्या भाड्यावरचा अठरा टक्के कर तेव्हापासून खिशातून जातो. गाळा जितका मोठा, तितका हा भुर्दंड मोठा. मग टाळेबंदी आली. ५ ऑक्टोबर २०२०ला निम्म्या खुर्च्यांवर बसून खायला परवानगी मिळाली, आणि २०२१च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली. त्या काळात बुरितो (सारण भरून गुंडाळलेली मोठी पोळी) आणि वाडगाभर भात-बीन्स घरपोच तरले. टाको तरला नाही. मक्याचा टॉर्टिया डब्यात दहा मिनिटांत वातड होतो नाहीतर रश्शाने फाटतो. तो तव्याजवळ बसूनच खायचा. चालत जाता येईल अशा अंतरावरच्या, तीस-चाळीस खुर्च्यांच्या जागांचा जम बसला त्यात या साध्या अडचणीचाही वाटा आहे.

हे सगळं अर्थकारण टाकोवर चालत नाही, पेल्यावर चालतं. परदेशातून येणाऱ्या टकीलावर सीमाशुल्क आणि कृषी उपकर मिळूनच १५० टक्के. ज्या कुळातली झाडं आपल्या माळरानावर घायपात म्हणून कुंपणाला असतात त्या अगावेचीच ही दारू. दख्खनच्या पठारावरच्या घायपातापासून देशी मद्य बनलंही आहे, पण मेक्सिकोच्या ठरावीक राज्यांबाहेर बनलेल्या दारूला टकीला म्हणता येत नाही, आणि मार्गारिटा मागवणाऱ्याला ते नाव हवं असतं. २०२३च्या नोव्हेंबरात परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट पाचाचा दहा टक्के झाला. २०२५च्या जूनमध्ये राज्याने देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क चढवलं, आणि १४ जुलैला मालकांच्या संघटनेने राज्यभर बार बंद ठेवले. शुल्क काही उतरलं नाही. मेन्यूकार्डावर मग लाल अंबाडीचं आणि चिंचेचं सरबत 'अगुआ फ्रेस्का' या नावाखाली वरच्या ओळीत सरकलं. त्यावर उत्पादन शुल्क लागत नाही आणि पिणाऱ्याचं वय विचारावं लागत नाही.