सेक्शन हेडर (मोबाइल ॲपमधील याद्या)

मोबाइल ॲपमधल्या लांब सरकत्या यादीचे गट पाडून प्रत्येक गटाच्या वर जे शीर्षक दिले जाते, त्याला सेक्शन हेडर म्हणतात. फोनबुकातली अ, आ, क ही अक्षरे, चॅटमधल्या ‘आज’, ‘काल’ या पट्ट्या आणि बँकेच्या व्यवहारांवर येणारी महिन्यांची नावे ही त्याची नेहमीची उदाहरणे. यादी सरकवताना चालू गटाचे शीर्षक वरच्या कडेला थांबून राहत असेल, तर तो स्टिकी हेडर. पुढच्या गटाचे शीर्षक खालून येते, त्याला वर ढकलते आणि त्याची जागा घेते.

ही पद्धत सर्वसामान्यांच्या हाती पोचली ती आयफोनमुळे. ॲपलने २००८ मध्ये बाहेरच्या प्रोग्रामरना ॲप बनवण्याची साधने खुली केली, त्यात यादी दाखवणारा यूआयटेबलव्ह्यू हा घटक होता. त्याच्या ‘प्लेन’ शैलीत हेडर वर चिकटून राहतात, ‘ग्रुप्ड’ शैलीत ओळींबरोबर निघून जातात. या घटकात प्रत्येक ओळीचा पत्ता दुहेरी असतो: कितवा गट आणि त्यातली कितवी ओळ. हेडर या मोजणीत येतच नाही.

अँड्रॉइडने वेगळी वाट धरली. २०१४ मध्ये आलेल्या रिसायकलरव्ह्यू या तिथल्या यादीच्या घटकाला गट ही कल्पनाच नाही. त्याच्यासाठी सगळी यादी एकसलग असते आणि क्रमांक शून्यापासून सुरू होतात. हेडर हवा असेल तर तोही त्याच रांगेत, निराळ्या प्रकारची ओळ म्हणून बसवावा लागतो. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथेच आहे. यादीतल्या सातव्या ओळीवर बोट ठेवले, पण तिच्या वर दोन हेडर असतील, तर मूळ माहितीतला सातवा माणूस उघडून चालत नाही. वरचे हेडर मोजून वजा करण्याचा उपाय अनेक जण करतात. शोधपेटीत अक्षर टाकताच यादी आक्रसते आणि हे गणित फिसकटते. प्रत्येक ओळीने आपली ओळख स्वतःजवळ बाळगावी आणि स्पर्शाचे उत्तर क्रमांकावरून न काढता त्या ओळखीवरून काढावे, हे जास्त टिकाऊ.

एकाच कोडमधून दोन्ही फोनांची ॲप बनवणाऱ्या रिॲक्ट नेटिव्हमध्ये २०१७ साली सेक्शनलिस्ट हा यादीचा घटक आला. ती वरून गटांची भाषा बोलते, आतून मात्र सपाट यादीच चालवते. तिचे हेडर आयफोनवर आपोआप चिकटतात, अँड्रॉइडवर तसे मुद्दाम सांगावे लागते. दोन्ही फोनांवर चाचणी न करणाऱ्याला हा फरक ग्राहकाकडून कळतो. फ्लटर या तशाच दुसऱ्या साधनात हेच काम स्लिव्हर (सरकत्या भागाचे तुकडे) करतात, तर अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोझ या साधनात लेझीकॉलम या यादीला स्टिकीहेडर देता येतो.

अशा याद्या हजार नावांसाठी हजार ओळी बनवत नाहीत. पडद्यावर मावतील तेवढ्या आणि थोड्या जादा ओळी बनतात. यूआयटेबलव्ह्यू आणि रिसायकलरव्ह्यूमध्ये वर गेलेली ओळ नवा मजकूर भरून खाली पुन्हा वापरली जाते. त्यामुळे चिकटलेल्या हेडरची मूळ जागा पडद्याबाहेर गेली, तरी तो दाखवण्याची सोय वेगळी करावी लागते. रिसायकलरव्ह्यूवर बरेच जण हेडरचे नुसते चित्र यादीच्या माथ्यावर काढतात. दिसायला ते हुबेहूब असते, पण त्या हेडरवर ‘सगळे पाहा’ असे बटण असेल तर ते दाबले जात नाही, स्पर्श खालच्या ओळीला जातो.

मराठी नावांची यादी करताना निराळाच पेच पडतो. ‘पहिले अक्षर काढून गट पाडा’ ही इंग्रजीत एका ओळीत होणारी गोष्ट इथे फसते. आयफोनच्या स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेत पहिले अक्षर मागितले तर मात्रेसकट मिळते. मग किरण, कुसुम आणि केतकी यांचे ‘कि’, ‘कु’, ‘के’ असे तीन हेडर होतात. अँड्रॉइडच्या कोटलिन भाषेत नुसता ‘क’ मिळतो, पण क्षमाही ‘क’ मध्ये जाते आणि ज्ञानेश्वर ‘ज’ मध्ये. शाळेच्या वर्णमालेत क्ष, ज्ञ शेवटी येतात, तेव्हा कोणता क्रम पाळायचा हे आधी ठरवलेले बरे. गटांच्या आतही गोंधळ होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या संकेतांकांच्या तक्त्यात, ‘ळ’ ची जागा ‘ल’ नंतर आणि ‘व’ च्या आधी आहे, मराठी वर्णमालेत ती ‘ह’ नंतर. म्हणून संकेतांकांनुसार लावलेल्या यादीत काळे हे कासारांच्या आधी येतात. ‘ॲ’ चा संकेतांक तर ‘ह’ च्याही पुढचा, त्यामुळे फोनबुकातले सगळे ‘ॲड.’ म्हणजे वकील तळाशी जमा होतात. क्रम लावताना मराठी भाषा सांगून कोलेटर (भाषेनुसार अक्षरक्रम लावणारा घटक) वापरावा आणि हेडरचे अक्षर काढण्याचा नियम स्वतः लिहावा.

तारखेच्या हेडरमध्ये गोम वेळेची असते. सर्व्हर वेळ बहुधा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, ठेवतो आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. आलेल्या वेळेचा तारखेचा भाग तसाच कापून गट पाडले, तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या काळातले निरोप आदल्या दिवसाखाली दिसतात. माहिती तुकड्यातुकड्यांनी मागवली जात असेल तर आणखी एक घोळ होतो: नवा तुकडा त्याच दिवसाचा असला तरी ‘काल’ हा हेडर दुसऱ्यांदा येतो. नव्या तुकड्याचा पहिला गट जुन्याच्या शेवटच्या गटाशी ताडून पाहिला की हे टळते.

दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठी हेडरला ‘शीर्षक’ अशी खूण देणे आवश्यक असते. आयफोनच्या पडदा वाचून दाखवणाऱ्या व्हॉइसओव्हरमध्ये एका शीर्षकावरून थेट पुढच्यावर जाता येते ते या खुणेमुळेच. अँड्रॉइडमध्ये अशी खूण देण्याची सोय आवृत्ती ९ पासून आहे. अक्षर ठळक केल्याने ती मिळत नाही. तसेच एखाद्या ओळीपर्यंत यादी आपोआप सरकवताना चिकटलेल्या हेडरची उंची हिशेबात धरावी लागते, नाहीतर हवी ती ओळ नेमकी त्याच्याखाली झाकली जाते.