घास गालातच राहतो? पहिल्या भेटीला येण्यापूर्वी

मूल नीट चावत-खात नाही म्हणून आमच्याकडे पहिल्या भेटीला येताना त्याचा डबा घेऊन या. घरी जे खातं तेच आणा, मग तो मिक्सरमधून काढलेला वरणभात असो की एका ठरावीक पुड्यातलं बिस्कीट. रोजचा चमचा आणि बाटलीही हवी. येण्याआधी २ तास दूध देऊ नका. पोट भरलेलं मूल आम्हाला काही दाखवत नाही.

‘हट्टी आहे हो, नखरे करतो,’ असं बहुतेक पालक सांगतात. समोर मोबाइल, मागे वाटी घेऊन आजी, आणि जेवण तासभर. पण २०१९ मध्ये तज्ज्ञांनी मुलांच्या खाण्याच्या विकाराची (पीडियाट्रिक फीडिंग डिसऑर्डर) व्याख्या केली तेव्हा वागणं ही चारांतली एकच बाजू धरली. उरलेल्या तीन म्हणजे आजार, पोषण आणि खाण्याचं कौशल्य. म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांचे कागद बघतो. बद्धकोष्ठ, लोहाची कमतरता यांनी भूक मंदावते. आणि दिवसाला लिटरभर दूध पिणाऱ्याला पोळीची भूक लागणार कुठून?

मग मुलाला जेवताना बघतो. पेस्ट गटागट गिळणारं अडीच वर्षांचं मूल त्यातलं चुकून राहिलेलं एक शीत जिभेने ओठावर आणून ठेवतं. याला नखरा म्हणू नका. जीभ घास दाढेकडे सरकवत नाही, चावणं शिकायचं राहून गेलंय.

पाणी पिताना ठसका, जेवल्यावर घरघरता आवाज, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया असं असेल तर घरी प्रयोग नकोत. अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. गरज वाटल्यास ते बेरियम मिसळलेलं अन्न देऊन गिळण्याची एक्स-रे तपासणी करून घेतात. ती रुग्णालयातच होते, आमच्याकडे नाही.

चावणं पायरीपायरीने शिकवतो: मिक्सरनंतर रवी, रवीनंतर चमच्याने कुस्करलेला भात. मऊ उकडलेल्या गाजराचा लांबट तुकडा बाजूने दाढेवर ठेवतो. नवा पदार्थ आधी नुसता ताटात, मग हाताला, मग ओठाला. १०-१५ वेळा समोर यावा लागतो, तिसऱ्या दिवशी हार मानू नका. जेवण अर्ध्या तासात आटपा. पुढच्या खाण्यापर्यंत अडीच-तीन तास फक्त पाणी. नाक दाबून भरवणं मात्र आजच थांबवा.

आजीलाही आणा, घरी भरवणारा हात बहुधा तिचाच असतो. पहिला दिवस रडण्यातच गेला तर दुसऱ्या भेटीचे पैसे घेत नाही.