पिशवी आहे की काढली? इस्ट्रोजेनच्या भीतीची पार्श्वभूमी

पाळी जाताना अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम आणि झोपमोड यांवर इस्ट्रोजेनइतकं (बाईच्या अंडाशयात बनणाऱ्या संप्रेरकाइतकं) गुणकारी औषध दुसरं नाही. तरी बीड-लातूरकडे त्याचं नाव निघालं की लगेच ‘कॅन्सर’ हा शब्द येतो. ही भीती अगदीच निराधार नाही. ती दोन वेगळ्या काळांत, दोन वेगळ्या कारणांनी उभी राहिली आणि पुढे दोन्ही कारणांची सरमिसळ झाली.

१९२९ मध्ये अमेरिकेत एडवर्ड डॉइझी आणि जर्मनीत अडॉल्फ बुटेनांट यांनी इस्ट्रोन हे इस्ट्रोजेन गटातलं संप्रेरक वेगळं काढलं. १९४२ मध्ये गाभण घोडीच्या मूत्रापासून बनवलेली इस्ट्रोजेनची गोळी ‘प्रेमारिन’ अमेरिकेच्या बाजारात आली. पुढची तीसेक वर्षं ही गोळी बहुतेकींना एकटीच दिली गेली. चूक तिथेच होती. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं. ते आवरण्याचं काम प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचं. ते नसेल तर अस्तर जाड होत राहतं. १९७५ मध्ये दोन अमेरिकी अभ्यासांनी दाखवलं की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत अस्तराचा कॅन्सर कैक पटींनी जास्त होता. तेव्हापासून नियम पक्का झाला: पिशवी (गर्भाशय) शाबूत असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच.

दुसरा धक्का जुलै २००२ चा. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अमेरिकी अभ्यासातला, दोन्ही औषधं एकत्र तपासणारा १६,६०८ बायकांचा गट मध्येच थांबवला गेला. दरवर्षी दर दहा हजारांमागे स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे ८ रुग्ण जास्त निघाले होते. मथळे झाले, जगभर गोळ्या बंद झाल्या. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध होतं घोडीचं इस्ट्रोजेन ०.६२५ मिग्रॅ अधिक मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) २.५ मिग्रॅ, हे मात्र बातम्यांत मागे पडलं. पिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांचा निकाल २००४ मध्ये आला: पक्षाघात वाढला, स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. पुढे वयानुसार आकडे तपासल्यावर चित्र बदललं. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात केली, तर बहुतेक निरोगी बायकांना तोट्यापेक्षा फायदा जास्त.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. ऊसतोडीच्या हंगामात खाडा परवडत नाही, म्हणून पांढरं जाणं किंवा जास्त अंगावरून जाणं यावरही ‘पिशवी काढून टाका’ असं सांगितलं गेलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर २०१९ मध्ये बीड जिल्ह्याची पाहणी आली. त्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यातल्या अनेकजणी चाळिशीच्या आतल्या. अंडाशयही काढलं असेल तर पाळी जाण्याचे त्रास काही दिवसांतच सुरू होतात आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. पन्नाशीतल्या बाईला जो धोका सांगून घाबरवलं जातं, तोच पस्तिशीतल्या बाईला सांगणं चूक आहे. दुसरी अडचण नसेल, तर तिला साधारण पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन देणं हाच योग्य उपचार. तिच्या शरीराने तोवर ते स्वतःच बनवलं असतं.

म्हणून आधी डिस्चार्ज कार्ड शोधायचं. नुसतं ‘टीएएच’ लिहिलं असेल तर गर्भाशय काढलंय. सोबत ‘बीएसओ’ असेल तर दोन्ही अंडाशयं आणि नळ्याही. कार्ड हरवलं असेल तर सोनोग्राफी करावी. गर्भाशयाचं मुख ठेवलं असेल किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा आजार) असेल, तर पिशवी काढूनही प्रोजेस्टेरॉन लागू शकतं.

नेहमीचा डोस: इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनची १ मिग्रॅची गोळी रोज, किंवा त्वचेवर जेल. पिशवी असेल तर मायक्रोनाइज्ड (बारीक कणांचं) प्रोजेस्टेरॉन १०० मिग्रॅ रोज रात्री, किंवा महिन्यातले १२ दिवस २०० मिग्रॅ. झोप येते, म्हणून रात्रीच. अंडाशय गेलेल्या तरुण बाईला यापेक्षा जास्त इस्ट्रोजेन लागतं. बीपी, लठ्ठपणा किंवा मायग्रेन असेल तर गोळीपेक्षा जेल बरं. गोळी यकृतातून जाऊन रक्त गोठण्याची शक्यता वाढवते, नेहमीच्या डोसमधल्या जेलने तसं आढळलेलं नाही. जेल दंडाला किंवा मांडीला लावायचं, छातीला कधीच नाही. वाळू द्यायचं, आणि तासभर लेकरू त्या जागेला लागू द्यायचं नाही. पत्र्याच्या घरात मे महिन्यात ट्यूब उन्हाच्या बाजूला ठेवू नये.

नुसता कोरडेपणा किंवा लघवीची जळजळ असेल तर इस्ट्रिऑल या सौम्य इस्ट्रोजेनचं क्रीम पुरतं: दोन आठवडे रोज रात्री योनीत, मग आठवड्यातून दोनदा. त्यासोबत सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही.

पाळी पुढे ढकलायला मेडिकलवरून आणतात ती नॉरेथिस्टेरॉनची ५ मिग्रॅची गोळी म्हणजे हे औषध नव्हे. दोन्हींची गल्लत सर्रास होते.

स्तनाचा कॅन्सर, पायातली किंवा फुफ्फुसातली गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव: यातलं काही असेल तर गोळी किंवा जेल सुरू करू नये. सुरू करण्याआधी बीपी तपासायचं, वयानुसार मॅमोग्राफी करायची. रोजच्या प्रोजेस्टेरॉनवर पहिले तीन ते सहा महिने थोडं अंगावर जाऊ शकतं. त्यापुढेही जात राहिलं किंवा थांबून पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहून घ्यावी, गरज पडली तर अस्तराचा तुकडाही तपासायला पाठवावा.