डॉगरीजवर थॉमसन, सुळ्यावर टाळू

"दात लांब झालेत माझे," आमचे निफाडचे मामा आरशात बघत म्हणाले. साठीनंतर दात कुणाचे वाढत नाहीत; मामांची हिरडी वर सरकली होती. वरच्या सुळ्याचं पिवळसर मूळ तीन-चार मिलिमीटर उघडं पडलं होतं आणि माठातलं पाणी लागलं की दात शिवशिवायचा. कारण साधं: पातळ हिरडी आणि त्यावर चाळीस वर्षं आडवा मारलेला कडक ब्रश. (मामींच्या हिरड्यांचं कारण वेगळं, मशेरी. तो विषय घरात काढता येत नाही.)

सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडम म्हणाल्या, टाळूतला तुकडा काढून ग्राफ्ट करू. मामा खुलले. "म्हणजे कलम!"

डॉगरीज जातीच्या द्राक्षाच्या खुंटावर थॉमसन जातीची काडी बांधण्यात त्यांची हयात गेली, त्यामुळे पुढचं समजावणं सोपं झालं. एका ठिकाणी मात्र ही तुलना फसते, आणि सगळी शस्त्रक्रिया त्याच अडचणीभोवती फिरते. द्राक्षाच्या कलमात खुंट आणि काडी दोन्ही जिवंत, सालीखालचा हिरवा थर एकमेकांना भिडला की काम झालं. दाताच्या मुळाच्या पृष्ठभागावर रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे कलम बांधायचं ते जवळजवळ दगडावर. खालून ओल नाही. जी मिळेल ती बाजूच्या वाफ्यांतून.

म्हणून तुकडा उघड्या मुळापेक्षा मोठा घेतात, कडा जिवंत ऊतीवर टेकतील असा. पहिले दोन-तीन दिवस तो नुसत्या झिरपणाऱ्या द्रवावर तगतो, मग बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरू लागतात. दोन दातांमधलं हाड आणि तिथली हिरडीची टोकं शाबूत असतील, तर मूळ पूर्ण झाकण्याची आशा धरता येते. तीच झिजली असतील, तर कितीही कुशल हात असला तरी अर्धंमुर्धंच झाकलं जातं. दंतवैद्य मिलर यांनी 1985 साली केलेलं सरकलेल्या हिरड्यांचं वर्गीकरण याच गोष्टीवर उभं आहे.

1960च्या दशकात टाळूची वरची कातडीच सोलून हिरडीवर शिवायचे. मापासाठी टाक्यांच्या पाकिटातला चंदेरी कागद जखमेच्या आकाराचा कापायचा, टाळूवर ठेवायचा आणि त्याभोवती सुरी फिरवायची. तुकडा दीडेक मिलिमीटर जाड. शिवून झाला की ओल्या गॉजने काही मिनिटं दाबून धरायचा, कारण खाली रक्ताची गुठळी साचली तर तुकडा उपाशी मरतो. ही पद्धत आजही वापरतात, पण तो भाग सायकलच्या ट्यूबवरच्या ठिगळासारखा फिकट दिसत राहतो आणि टाळूची जखम उघडी राहते.

1985मध्ये लँगर या दंतवैद्य दांपत्याने टाळूच्या कातडीखालची ऊती वापरून मूळ झाकण्याची रीत मांडली. टाळूला चीर देऊन आतला थर काढायचा, तो मुळावर ठेवायचा आणि वरून हिरडीच ओढून शिवायची. आता तुकड्याला कडांखालून आणि वरच्या हिरडीतून, असं दोन्हीकडून रक्त मिळतं, रंगही जुळतो. वरचं आवरण कसं यायचं हे बऱ्याच अंशी आतली ऊती ठरवते, हे त्याआधीच 1970च्या दशकातल्या प्रयोगांतून दिसलं होतं. मामांना यात नवल वाटलं नाही. बांधलेला तुकडा आपला गुण सोडत नाही; मुळं डॉगरीजची असली तरी घड थॉमसनचाच येतो.

टाळू कापायची नसेल तर शेजारची हिरडी सरकवता येते, किंवा कोलॅजेन या प्रथिनाचे तयार पडदे मिळतात. त्यातले काही डुकरापासून बनवलेले असतात, तेव्हा कुणाला वावडं असेल तर आधीच विचारावं. पण मूळ झाकण्यात स्वतःच्या टाळूच्या ऊतीला अजून तोड नाही.

मामांना हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखली. शस्त्रक्रियेच्या जागी ब्रश बंद, औषधी पाण्याच्या गुळण्या, आणि मिसळ बंद, हे शेवटचं त्यांना फारच लागलं. चौथ्या दिवशी पाहते तर तासातासाला ओठ वर करून आरशात बघणं चाललेलं. ओठ ओढला की टाके ताणतात, हे सांगूनही ऐकेनात. शेवटी मॅडमना फोन लावून दिला.

"काका, कलम बांधल्यावर काडी हलवून बघता का हो?"

मामांनी आरसा पालथा ठेवला.