भर समुद्रात गोडं पाणी: खरा प्रश्न सरपणाचा होता

खारं पाणी उकळून त्याची वाफ थंड केली की गोडं पाणी मिळतं, हे ॲरिस्टॉटललाही माहीत होतं. तरी पुढची दोन हजार वर्षं खलाशी पिंपातलं हिरवट, वास मारणारं पाणीच पीत राहिले. उकळायला सरपण हवं आणि सरपणाला जहाजात जागा हवी. त्यापेक्षा पाण्याचीच पिंपं भरून नेलेली परवडायची.

१७७२ साली ब्रिटिश संसदेने चार्ल्स आयर्विंगला ५,००० पौंड दिले ते त्याच्या साध्या युक्तीसाठी. जहाजाच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या हंड्यालाच रुंद नळी जोडायची आणि ती बाहेरून ओल्या फडक्याने सतत पुसत थंड ठेवायची. कॅप्टन कुकने हे उपकरण सफरीवर नेलं, वापरलं आणि रोखठोक मत नोंदवलं: भरपूर इंधन असेल तर जीव जगेल एवढं पाणी मिळतं, तब्येत टिकेल एवढं मिळत नाही. माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय हाच.

कोडं सुटलं ते वाफेच्या जहाजांमुळे. कोळसा जहाजावर होताच. शिवाय बॉयलरमध्ये खारं पाणी घातलं की क्षारांचा थर चढायचा, म्हणून गोडं पाणी यंत्रालाच हवं झालं.

आजच्या मालवाहू जहाजावर तर वेगळं इंधनही लागत नाही. मुख्य इंजिन थंड करून आलेलं, साधारण ८० अंशांचं पाणी फ्रेश वॉटर जनरेटरमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या यंत्रात फिरवतात. आतली हवा काढून दाब कमी केलेला असल्याने समुद्राचं पाणी पन्नास अंशांच्या आतच उकळतं. क्षार ठरलेल्या मर्यादेपुढे गेले की सॅलिनोमीटरचा, म्हणजे खारटपणा मोजणाऱ्या उपकरणाचा अलार्म वाजतो आणि ते पाणी टाकीत जातच नाही. पण एवढ्या कमी तापमानाला जंतू मरतीलच असं नाही. म्हणून किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी हे यंत्र बंद ठेवतात आणि पिण्याच्या पाण्याचं निर्जंतुकीकरण करतात. इथे हयगय झाली तर अख्खं जहाज आजारी पडेल.

उष्णतेशिवायची वाट १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियात खुली झाली. सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी आरओला, म्हणजे दाब देऊन पडद्यातून पाणी गाळत क्षार मागे ठेवण्याच्या पद्धतीला उपयोगी पडेल असा पडदा तयार केला. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी मालेचा पाणीपुरवठा आगीमुळे ठप्प झाला, तेव्हा भारतीय नौदलाचं आयएनएस सुकन्या तिथे पोचलं. त्यावर रोज प्रत्येकी २० टन पाणी देणारे दोन आरओ संच होते. पाठोपाठ मुंबईहून पाणी भरून आयएनएस दीपक निघालं.