प्रकट वाचन, वर्गातील

शिक्षकाने मुलांना पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याची अध्यापनरीत. पाठ शिकवताना शिक्षक करतो ते आदर्श वाचन आणि त्यामागून मुले करतात ते अनुवाचन यांहून ही वेगळी आहे. येथे मुलांकडून काही वाचून घ्यायचे नसते. त्यांनी लक्ष देऊन ऐकायचे असते. पाळीपाळीने एकेका मुलाला उतारा वाचायला लावणे ही या रीतीची जागा घेऊ शकत नाही.

पाश्चात्त्य परंपरेत तिची मुळे शोधताना वाचनाच्याच इतिहासाचा एक वाद आड येतो. मिलानचा बिशप अँब्रोझ आवाज न काढता वाचत असे, हे ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीनने इ. स. ४०० च्या सुमारास आवर्जून नोंदवले. प्राचीन काळी वाचन बहुधा मोठ्यानेच होई, असे अनुमान अभ्यासक योझेफ बालोग यांनी १९२७ मध्ये अशा उल्लेखांवरून मांडले. बर्नार्ड नॉक्स यांनी १९६८ मध्ये ग्रीक नाटकांतील मूकवाचनाचे दाखले देऊन त्याला आक्षेप घेतला. दोन शब्दांमध्ये जागा सोडून लिहिण्याची पद्धत रुळल्यावर मूकवाचन फैलावले, असे पॉल सेंगर (१९९७) मानतात. नॉक्स यांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते : दोन्ही रीती जुन्या काळीही शेजारी शेजारी नांदत असाव्यात.

न्यूझीलंडमधील डॉन होल्डवे यांनी १९७९ च्या सुमारास सहवाचनाची, म्हणजे मुलांनाही सोबत घेऊन करायच्या प्रकट वाचनाची, मांडणी केली. तीत मोठ्या आकाराचे पुस्तक सर्वांना दिसेल असे उभे करतात आणि शिक्षक ओळीखाली काठी सरकवत वाचतो. पालुपद आले की तो शेवटच्या शब्दाआधी थांबतो व मुले तो शब्द पुरा करतात. छापील अक्षर आणि उच्चार यांची सांगड येथेच बसते.

शब्दसंपत्तीचा लाभ चांगला अभ्यासला गेला आहे. हेज व आरेन्स (१९८८) यांना प्रौढांच्या गप्पांपेक्षा मुलांच्या पुस्तकांत विरळा शब्द अधिक आढळले. गोष्ट नुसती ऐकूनही मुले नवे शब्द उचलतात. शिक्षकाने वाचता वाचता अर्थ सांगितल्यास ही भर दुपटीहून अधिक होऊ शकते, असे वॉरिक एली यांनी १९८९ मध्ये दाखवले. मात्र शब्दाशब्दाला अडल्यास गोष्टीचा धागा तुटतो, म्हणून मोजकेच शब्द निवडावेत.

मुले स्वतः वाचू लागली की ही रीत बंद पडते, ती पडू नये. १९८५ च्या अमेरिकी वाचन आयोगाने ती वरच्या इयत्तांतही चालू ठेवावी असे सुचवले होते.